तीनशे दिरहमचा गारवा

वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहितो
पंप, ब्लॉक, नळी, रेडिएटर.
खाली रेघ. रेघेखाली तीनशे.
यापुढे एक फिल्सही नाही,
कारण वहीची पुढची सगळी पानं भुसावळची आहेत.

दिवसभर मी सत्तावीस मजल्यांना गार पाणी पाजतो.
चिलर प्लांटमधला माणूस.
सहा अंशांवर सोडायचं, तेरावर परत घ्यायचं,
मधल्या सात अंशांत कुणाची झोप, कुणाचं ऑफिस.
आणि रात्री शारजातल्या या खोलीत,
सहा खाटांपैकी खिडकीकडच्या खाटेखाली,
माझा सेकंडहँड डबा
डक्टचं एक वळण काढता काढता
शहाण्णव अंशांवर जाऊन जीव सोडतो.
सेव्ह न केलेलं सगळं गेलं.
ड्राफ्ट्समनची परीक्षा आठ आठवड्यांवर.
पंखा असा घोंघावतो की सजीश झोपेतच विचारतो,
"ब्रदर, विमान उतरलं का?"

तयार संच बाराशेचा.
काचेच्या नळ्या, आत निळं पाणी, वर रंगीत दिवे,
सरबताच्या गाडीसारखा.
मला दिवे नकोत.

पंप मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातला, पंचावन्न.
तांब्याचा ब्लॉक एका फिलिपिनो पोराने वापरलेला,
तो नव्वद म्हणाला, मी सत्तर,
पंच्याऐंशीवर जमलं.
नळी तीन मीटर, बारा.
बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी, सहा.
आणि नवा रेडिएटर दोनशे दहा.
इथे पेन थांबतं.

शुक्रवारी इद्रिसच्या भंगारात गेलो.
त्याने एका चेपलेल्या गाडीच्या डॅशबोर्डमागे हात घातला
आणि हीटरचा गाभा बाहेर काढला,
वहीएवढा, तांब्या-पितळेचा, पत्र्यांवर नुसती धूळ.
सोळा वर्षं ही गाडी याच उन्हात फिरली,
कुणी एकदाही हीटर लावला नाही.
"कुँवारा है भाई," इद्रिस म्हणाला. "बीस दे दो."

पण त्याची तोंडं जाड, माझी नळी बारीक.
जोडायला पितळी फिटिंग, एक अठ्ठावीसला, लागणार सहा.
पुन्हा बेरीज. तीनशे सेहेचाळीस.
शीतकपाटात ठेवल्यासारखा बसून राहिलो.

मग घरी फोन लावला.
वडिलांनी चाळीस वर्षं यावल रोडला
ट्रकचे रेडिएटर झाळले.
आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
उजवा स्क्रीनला चिकटवून म्हणाले,
"फिटिंग कशाला? पितळेची नळी काप.
तोंड घास, आरसा होईपर्यंत घास.
आग धातूला दाखवायची, डाखाला नाही.
आणि अ‍ॅल्युमिनियम जवळ आणू नको,
तांबं त्याला खातं, घरातल्या घरात, आवाज न करता."
मग विचारलं, "कुठल्या ट्रकचा?"
म्हटलं, कॉम्प्युटरचा.
बराच वेळ मागच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले.
"एवढंसं यंत्र, त्याला पाणी लागतं?"
लागतं.
"मग फार विचार करत असेल."

मला माहीत आहे, पाणी खोलीपेक्षा गार होणार नाही.
खोलीचा एसी बारा ते चार बंद,
बिल सहाजणांत वाटून घ्यायचं तर तेवढं सोसावं लागतं.
शहाण्णवचे सत्तर झाले तरी
ते वळण पुरं होईल.

काल गच्चीवर डाख दिला. हात कापला थोडा.
जुलैचा नळ इथे चहाचं पाणी सोडतो,
म्हणून बंद गीझरमधलं पाणी बादलीत भरलं,
गाभा बुडवला, एक तोंड अंगठ्याने दाबलं,
दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हवा.
फोन बादलीला टेकवलेला.
काही नाही. पाणी शांत.
मी "जमलं" म्हणणार,
एवढ्यात भुसावळहून आवाज आला,
"थांब. उजवा कोपरा. खाली."

एकच होता. मोहरीएवढा.
मला दिसलाही नव्हता.

वहीत लिहिलं: डाख, परत, दोन दिरहम.